कार्ल लिनिअस : एक पाइन, एक लेमूर आणि दोन शब्दांची नावं



आजचा पाठ एका प्रश्नाने सुरू करूया. एका बाजूला आहे पाइनचं झाड. उंच, सरळ, सुईसारखी पानं असलेलं. दुसऱ्या बाजूला आहे वलयांकित शेपटीचा लेमूर. मांजराएवढा, माकडाच्या लांबच्या नात्यातला, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला. एक थंड स्वीडनच्या जंगलातला, दुसरा गरम मादागास्कर बेटावरचा. सांगा पाहू, या दोघांत सारखं काय?

तुम्ही म्हणाल, काहीच नाही. एक वनस्पती, एक प्राणी. पण एक गोष्ट सारखी आहे. या दोघांची शास्त्रीय नावं एकाच माणसाने ठेवली. त्या माणसाचं नाव कार्ल लिनिअस. विज्ञानाच्या पुस्तकात द्विनाम पद्धतीच्या धड्यात एका ओळीत हे नाव येतं आणि आपण ते पाठ करून पुढे जातो. आज आपण जरा थांबूया आणि हा माणूस कोण होता ते समजून घेऊया. पाइन आणि लेमूर या दोघांनाही सोबत ठेवूया, कारण शेवटी आपल्याला त्यांच्याकडेच यायचं आहे.

बालपण

कार्लचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रॉसहुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांना बागकामाचं भारी वेड. आडनावाची गोष्ट तर फारच गंमतीची आहे. त्या काळी स्वीडनमध्ये साध्या घरातल्या लोकांना कायमचं आडनाव नसायचं, वडिलांच्या नावावरूनच ओळख. निल्स विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव लावायची वेळ आली. त्यांच्या घराण्याच्या जमिनीवर लिंडनचं एक मोठं जुनं झाड होतं. त्या झाडावरून त्यांनी लिनिअस हे आडनाव घेतलं. म्हणजे बघा, पुढे ज्याने हजारो झाडांना नावं दिली, त्याचं स्वतःचं नावच एका झाडाने दिलेलं होतं!

लहानपणी कार्ल रडायला लागला की त्याच्या हातात फूल द्यायचे आणि तो शांत व्हायचा, असं सांगतात. पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बागेत स्वतःचा छोटा वाफा करून दिला. झाडांची नावं तो सारखी विचारायचा आणि विसरून जायचा. शेवटी वडिलांनी दटावलं, की सांगितलेलं लक्षात ठेवणार नसशील तर पुढचं नाव सांगणार नाही. तेव्हापासून नावं लक्षात ठेवणं हे त्याचं कामच झालं.

शाळेतला 'ढ' मुलगा

वेक्शो गावच्या शाळेत कार्लचं मन रमेना. तिथे लॅटिन, ग्रीक, धर्मशास्त्र शिकवायचे. हा मात्र वर्गाबाहेर, रानात. वडिलांची इच्छा होती की मुलाने धर्मोपदेशक व्हावं. १७२६ साली ते शाळेत चौकशीला आले, तेव्हा शिक्षकांनी सांगितलं की हा मुलगा त्या मार्गाचा नाही, याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला. वडिलांना काय वाटलं असेल, विचार करा.

पण त्याच शाळेत शिकवणारे योहान रोथमान नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी वेगळंच पाहिलं. मुलगा वर्गात मागे आहे, पण झाडांच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. त्यांनी वडिलांना समजावलं, की याला वैद्यकी शिकू द्या. त्या काळी औषधं झाडपाल्याचीच असायची, त्यामुळे डॉक्टरला वनस्पती ओळखाव्याच लागत. रोथमाननी त्याला वेळ काढून शिकवलं. शिक्षक म्हणून मला लिनिअसच्या चरित्रातली ही जागा फार महत्त्वाची वाटते. एका शिक्षकाने नीट पाहिलं नसतं, तर हा मुलगा आयुष्यभर चपला शिवत बसला असता.

फाटके बूट आणि लॅपलंडची वाट

१७२७ साली कार्ल लुंड विद्यापीठात गेला, आणि पुढच्या वर्षी उप्साला विद्यापीठात. तिथे खिशात पैसे नाहीत, बुटांना भोकं पडलेली. त्या भोकांत कागद घालून तो चालायचा. एके दिवशी बागेत ओलोफ सेल्सिअस नावाचे एक विद्वान भेटले. तापमापीमुळे आपल्याला माहीत असलेल्या अँडर्स सेल्सिअसचे हे काका. या पोराचं वनस्पतींचं ज्ञान पाहून त्यांनी त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. लवकरच हा विद्यार्थी असतानाच विद्यापीठाच्या बागेत दुसऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागला.

१७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो उत्तरेकडच्या लॅपलंडला निघाला. कधी घोड्यावर, कधी पायी, एकटाच. जवळजवळ पाच महिने. तिथे सामी लोक रेनडिअर पाळून राहतात. त्यांचं खाणं, औषधं, कपडे, सगळं तो वहीत लिहीत गेला. या वाटेवर त्याला सोबत होती ती पाइन आणि स्प्रूसच्या जंगलांची. भूगोलात आपण सूचिपर्णी वनं शिकतो ना, तीच ही.

पाइन हे तिथल्या लोकांसाठी काय होतं, ते लक्षात घ्या. घराला लाकूड त्याचं. शेकोटीला सरपण त्याचं. नावेच्या फटी बुजवायला डांबर त्याच्या मुळांतून काढायचे. आणि दुष्काळ पडला की त्याच्या सालीचा आतला भाग वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी करायचे. आपल्याकडे कोकणात नारळ जसा घराघरात, तसा तिथे पाइन.

हॉलंड आणि एका मित्राची गोष्ट

१७३५ साली लिनिअस हॉलंडला गेला आणि तिथे डॉक्टरची पदवी घेतली. त्याच वर्षी त्याचं 'सिस्टिमा नॅच्युरी' हे पुस्तक निघालं. अवघी डझनभर मोठी पानं, पण त्यात खनिजं, वनस्पती आणि प्राणी अशी सगळ्या निसर्गाची मांडणी होती. फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे २४ वर्ग त्याने पाडले. शाळकरी मुलालाही मोजता येईल अशी सोपी पद्धत.

हॉलंडमध्येच एक दुःखद घटना घडली. पीटर आर्टेडी हा त्याचा जिवलग मित्र, माशांचा अभ्यासक. दोघांनी एकमेकांना वचन दिलं होतं, की आपल्यापैकी जो आधी जाईल त्याचं काम दुसऱ्याने पूर्ण करायचं. १७३५ सालीच एका रात्री आर्टेडी अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यात पडून बुडाला. वय फक्त तीस. लिनिअसने त्याची हस्तलिखितं मिळवली आणि १७३८ साली माशांवरचं ते पुस्तक आर्टेडीच्याच नावाने छापलं. मित्राचं काम आपल्या नावावर खपवलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा हं.

शनिवारची शाळा

१७३८ साली लिनिअस स्वीडनला परतला. पुढच्याच वर्षी सारा एलिझाबेथ मोरेया हिच्याशी लग्न झालं आणि १७४१ मध्ये तो उप्सालात प्राध्यापक झाला. आता आपणही त्यांना आदराने 'ते' म्हणूया.

त्यांच्या रानातल्या सहली प्रसिद्ध होत्या. शनिवारी विद्यार्थ्यांची मोठी फौज घेऊन ते गावाबाहेर पडायचे. वाटेतली वनस्पती, किडा, पक्षी, सगळं गोळा करायचं, त्यावर बोलायचं आणि संध्याकाळी ढोल-तुताऱ्यांच्या गजरात परत यायचं. विद्यापीठातल्या काही मंडळींना हा गोंधळ आवडत नसे. पण मुलं मात्र खूश. घरी त्यांनी माकडं पाळली होती आणि एक रॅकूनसुद्धा.

१७५३ : पाइनचं नाव

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी वनस्पतीचं शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधलं एक लांबलचक वर्णन असायचं. आठ-आठ, दहा-दहा शब्द. नवीन वनस्पती सापडली की वर्णनात आणखी दोन शब्द वाढायचे. आणि प्रत्येक अभ्यासकाचं वर्णन वेगळं. म्हणजे हजेरीपटावर मुलाच्या नावाऐवजी 'उंच, कुरळ्या केसांचा, नदीपलीकडून येणारा' असं लिहिल्यासारखं!

१७५३ साली लिनिअस यांनी 'स्पीसीज प्लँटारम' हे पुस्तक काढलं. त्यात जवळपास ६,००० वनस्पती होत्या आणि प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव होतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी आडनाव, मग नाव. स्वीडनच्या त्या पाइनचं नाव झालं 'पायनस सिल्व्हेस्ट्रिस'. सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे रानातला.

याच पुस्तकात आपल्या अंगणातली मंडळीही आहेत. आंबा 'मँजिफेरा इंडिका', पिंपळ 'फायकस रिलिजिओसा', चिंच 'टॅमरिंडस इंडिका'. लिनिअस भारतात कधी आले नाहीत. केरळच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने तयार करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा त्यांना खूप उपयोग झाला. या ग्रंथामागे तिथल्या वैद्यांचं ज्ञान होतं. आजही वनस्पतींच्या नावापुढे नुसतं 'एल' अक्षर दिसलं, की समजायचं हे नाव लिनिअस यांनी ठेवलेलं.

१७५८ : लेमूरचं नाव

पाच वर्षांनी 'सिस्टिमा नॅच्युरी'ची दहावी आवृत्ती आली. आता दोन शब्दांची नावं प्राण्यांनाही मिळाली, चार हजारांहून जास्त प्राण्यांना. त्यात एक नवीन प्रजाती होती, 'लेमूर'. प्राचीन रोममध्ये रात्री भटकणाऱ्या मृतांच्या आत्म्यांना लेमुरेस म्हणायचे. रात्री हळूहळू फिरणाऱ्या प्राण्यांसाठी लिनिअसना हे नाव योग्य वाटलं. या प्रजातीत त्यांनी तीन प्राणी ठेवले : श्रीलंकेचा लोरिस, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा कोलुगो, आणि आपला वलयांकित शेपटीचा लेमूर. त्याचं नाव 'लेमूर काट्टा'. काट्टा म्हणजे मांजरासारखा.

गंमत बघा, हा काट्टा मुळी रात्री भटकणारा नाहीच! तो दिवसा फिरतो. सकाळी उन्हाकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून बसतो. भुताचं नाव मिळालं ते उन्हात बसणाऱ्याला.

या आवृत्तीत आणखी एक धाडसी गोष्ट होती. लिनिअस यांनी लेमूर आणि माकडांना ज्या गणात ठेवलं, त्याच प्रायमेट गणात माणसालाही बसवलं, 'होमो सेपियन्स' या नावाने. माणसाला प्राण्यांच्या यादीत टाकलेलं अनेकांना रुचलं नाही. पण त्यामुळे लेमूर आपल्या नात्यात आला.

इथे त्यांची एक मोठी चूकही सांगायला हवी. माणसांचे त्यांनी खंडांनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटाला स्वभाव चिकटवले. युरोपच्या लोकांना चांगले, आफ्रिकेच्या लोकांना वाईट. याला कसलाही आधार नव्हता आणि पुढे वंशभेद करणाऱ्यांनी असल्या मांडणीचा आधार घेतला. मोठा माणूस चुकत नाही असं नसतं, मुलांनो.

दोघांची तुलना

आता दोघांना शेजारी ठेवून पाहू. वहीत दोन रकाने करा.

१) राहण्याची जागा : पाइन स्कॉटलंड आणि स्पेनपासून थेट पूर्व सायबेरियापर्यंत पसरलेला आहे. कुठल्याही पाइनचा एवढा मोठा पसारा नाही. लेमूर काट्टा फक्त मादागास्करच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागात.

२) अन्न : पाइन सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न तयार करतो. लेमूरला पानं-फळं शोधावी लागतात. नदीकाठच्या रानात त्याचं आवडतं झाड कोणतं, माहीत आहे? चिंच! पाला आणि चिंचा दोन्ही खातो.

३) पुढची पिढी : पाइनच्या शंकूतून पंख असलेल्या बिया वाऱ्याबरोबर दूर जातात. लेमूरच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं.

४) समाज : पाइनचं जंगल असतं. लेमूरचा कळप असतो आणि कळपात माद्यांचं चालतं.

५) नात्यातले : लिनिअस यांनी 'पायनस'मध्ये दहा झाडं ठेवली होती. पुढे स्प्रूस, देवदार अशी काही वेगळी काढली, तरीही आज त्या प्रजातीत शंभराहून जास्त जाती आहेत. 'लेमूर'मधल्या तिघांपैकी लोरिस आणि कोलुगो बाहेर गेले. आज 'लेमूर' या प्रजातीत एकटा काट्टा उरला आहे. इतर लेमूर वेगळ्या प्रजातींत आहेत.

६) स्थिती : आंतरराष्ट्रीय लाल यादीत पाइनला धोका नाही. लेमूर काट्टा संकटग्रस्त आहे.

जाता जाता, कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड पाइनसारखं दिसतं, पण ते सूचिपर्णी नाही. ती सपुष्प वनस्पती आहे. गोंधळू नका.

यादीत नाव, पण जगात नाही

लिनिअस यांचा विश्वास होता की प्रत्येक जीव देवाने निर्माण केला आणि त्याची जागा ठरवून दिली. त्या काळी एखादी जात जगातून पूर्ण नाहीशी होऊ शकते, हा विचारच फारसा कुणी करत नव्हतं. १७५८ च्या त्याच यादीत त्यांनी डोडो पक्ष्यालाही नाव दिलं. मादागास्करच्या पूर्वेला मॉरिशस बेट आहे, तिथला हा पक्षी. पण डोडो सतराव्या शतकातच संपला होता! हजेरीपटावर नाव चढलं, पण हजेरी द्यायला कुणी नव्हतं.

नावं गोळा करण्यासाठी त्यांचे विद्यार्थी जगभर गेले. सोलांडर कॅप्टन कुकच्या जहाजावर, थुनबर्ग जपानला. काही परतलेच नाहीत. टर्नस्ट्रोम १७४६ साली प्रवासातच वारला, फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्ये. टर्नस्ट्रोमच्या बायकोने लिनिअसना दोष दिला. पुस्तकातल्या एकेका नावामागे अशीही किंमत मोजली गेली आहे.

शेवटचे दिवस

१७७४ पासून लिनिअसना अर्धांगवायूचे झटके आले. स्मरणशक्ती गेली. ज्याने बारा हजारांच्या आसपास जिवांना नावं दिली, त्याला स्वतःचं नावही आठवेना, असं सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचं निधन झालं. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांची समाधी आहे. १७८४ साली त्यांच्या पत्नीने त्यांचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाला विकला. त्यानेच १७८८ मध्ये लंडनला लिनिअन सोसायटी स्थापन केली. तो संग्रह आजही तिथे जपला आहे.

नाव एकसारखं, नशीब वेगळं

आता आपल्या दोघांकडे परत येऊ. दोघांनाही दोन-दोनच शब्द मिळाले. मग एक सुखरूप आणि दुसरा संकटात, असं का?

पाइनचा पसारा मोठा आहे, हे एक कारण. पण तेवढंच नाही. स्वीडनमध्येही पाइन बेसुमार तोडले गेले होते. १९०३ साली तिथे कायदा झाला, की जंगल तोडलं तर तिथे नवं जंगल उभं करायचं. माणसाने तोडलं आणि पुन्हा लावलंही.

मादागास्कर हे बेट महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. तिथे गरिबी आहे. शेतीसाठी आणि चरईसाठी रान जाळतात, कोळशासाठी झाडं तोडतात. मांसासाठी शिकार होते, पाळायला पिल्लं पकडतात. रान गेलं की चिंच गेली, चिंच गेली की लेमूर गेला. २०२० साली जाहीर झालेल्या यादीनुसार लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ जाती धोक्यात आहेत. त्यातल्या ३३ अगदी अखेरच्या टप्प्यावर. पण तिथल्या गरीब माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. चूल पेटवायला दुसरं काही नसेल तर तो काय करणार? मादागास्करमध्येच आंजा नावाच्या ठिकाणी गावकऱ्यांनी एकत्र येऊन रान राखलं. लेमूर पाहायला पाहुणे येतात आणि गावाला चार पैसे मिळतात. म्हणजे मार्ग आहे.

नाव दिल्याने कुणी वाचत नाही, हे डोडोने दाखवलं. मग लिनिअस यांच्या कामाचा उपयोग काय? तर ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे, तो कमी झाला की कळतं. वर्गात हजेरी घेतो म्हणून तर कोण आलं नाही ते समजतं ना? हजेरी लिनिअस यांनी मांडून दिली. गैरहजर असणाऱ्याची चौकशी करणं हे आपलं काम.

उपक्रम : आपल्या शाळेच्या किंवा घराच्या परिसरातलं एक झाड आणि एक प्राणी किंवा पक्षी निवडा. दोघांची मराठी आणि शास्त्रीय नावं शोधा. वर दिलेल्या सहा मुद्द्यांवर तुलना करा. मग आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी हे दोघं जास्त होते की कमी? मिळालेलं उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. दहा वर्षांनी ती वही पुन्हा उघडायची आहे.